रेल्वेविरुद्ध मोटारगाडी : कॅलिफोर्नियाची १९१० ची निवडणूक

(पडद्यावर: उन्हाने तापलेला कच्चा रस्ता. दूरवर धुळीचा लोट.)

१९१० चा उन्हाळा. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यातलं एक लहान गाव. दुपारची वेळ, रस्ता सामसूम. तेवढ्यात वेशीकडून घंटा वाजत येते, गाईच्या गळ्यात बांधतात तशी. पाठोपाठ धुळीने माखलेली एक लाल लोकोमोबिल मोटार चौकात येऊन थांबते. आधी पोरं धावतात. मग दुकानदार दारात येतात, शेतकरी कडेला उभे राहतात. मोटारीतून एक धिप्पाड, तांबूस चेहऱ्याचा माणूस उठतो आणि बोलायला लागतो. व्यवसायाने वकील, वय त्रेचाळीस. नाव हायरम जॉन्सन. राज्याच्या गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षाचं तिकीट मागायला ते निघालेत.

त्यांच्या भाषणात जकातीचा विषय नाही, राष्ट्रीय धोरण नाही. सगळा रोख एकाच गोष्टीवर. सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीला कॅलिफोर्नियाच्या राजकारणातून लाथ मारून बाहेर काढायचं.

राज्य उत्तर-दक्षिण सातशे-आठशे मैल लांब. रस्ते खडबडीत, टायर फुटण्याची रोजची भीती. आगगाडीने हा प्रवास कितीतरी सोपा झाला असता. पण जिच्याविरुद्ध मतं मागायची, तिचंच तिकीट काढून कसं फिरायचं? जॉन्सन यांनी मोटार निवडली. शिवाय मोटारीचा एक फायदा असा, की रूळ जिथे पोचलेच नव्हते त्या वस्त्यांपर्यंतही ती जात होती.

(पडद्यावर: जुना नकाशा. सॅक्रामेंटोहून पसरत जाणाऱ्या रेल्वेच्या रेषा.)

एका रेल्वे कंपनीवर लोकांचा एवढा राग का होता, हे समजून घ्यायला चाळीस वर्षं मागे जावं लागेल.

१८६९ मध्ये अमेरिकेचे दोन किनारे रेल्वेने जोडले गेले. पश्चिमेकडचा मार्ग सेंट्रल पॅसिफिक कंपनीने बांधला. तिचे चार मालक: लीलंड स्टॅनफर्ड, कॉलिस हंटिंग्टन, मार्क हॉपकिन्स आणि चार्ल्स क्रॉकर. चौघेही सॅक्रामेंटोचे व्यापारी. सरकारने त्यांना कर्ज दिलं आणि रुळांच्या दोन्ही बाजूंनी अफाट जमीन दिली. स्टॅनफर्ड तर कंपनीचे अध्यक्ष असतानाच राज्याचे गव्हर्नरही होते. पुढे याच मंडळींची सदर्न पॅसिफिक राज्यभर पसरली. गहू असो, संत्री असोत, लाकूड असो, बाजारापर्यंत माल न्यायचा तर बहुतेक ठिकाणी एकच रेल्वे. भाडं ती म्हणेल ते.

१८८० मध्ये हॅनफर्ड गावाजवळ, मसल स्लू नावाच्या भागात, जमिनीच्या किमतीवरून कंपनी आणि तिथे वसलेले शेतकरी यांच्यात वाद पेटला. ज्या जमिनी आपण मेहनतीने ओलिताखाली आणल्या त्या स्वस्तात मिळतील, अशा भरवशावर शेतकरी बसले होते. कंपनीने कितीतरी जास्त दर लावला. गोळीबार झाला, सात माणसं मेली. ती जखम त्या खोऱ्यात पिढ्यानपिढ्या भरली नाही. तीस वर्षांनी जॉन्सन यांची मोटार याच मुलखातून गेली, तेव्हा ऐकणाऱ्यांत ते दिवस पाहिलेली माणसं होती.

मग कायदा काय करत होता? १८७९ च्या राज्यघटनेने रेल्वेवर लक्ष ठेवायला तीन सदस्यांचं निवडून दिलेलं मंडळ नेमलं होतं. पण ते मंडळ कंपनीच्याच कह्यात गेलं. कुंपणच शेत खाऊ लागलं.

कंपनीचा राजकीय कारभार सॅन फ्रान्सिस्कोतून चाले. मुख्य वकील विल्यम हेरिन हे त्याचे सूत्रधार. आमदार, न्यायाधीश, संपादक यांना रेल्वेचे फुकट पास मिळत. एक पास म्हणजे फार मोठी लाच नव्हे. पण पास खिशात ठेवणाऱ्या माणसाला रेल्वेविरुद्धचा दावा चालवताना किंवा अग्रलेख लिहिताना जरा अवघड जातं, आणि कंपनीला तेवढंच पुरत होतं.

खरी चावी मात्र पासात नव्हती. ती होती पक्षाच्या अधिवेशनात.

(पडद्यावर: १९०६ चं छायाचित्र. जेवणानंतर ओळीने बसलेले आणि उभे राहिलेले सुटाबुटातले पुरुष.)

हा फोटो नीट बघा. सप्टेंबर १९०६, सांताक्रूझ. रिपब्लिकन पक्षाचं राज्य अधिवेशन इथेच झालं, आणि त्यानिमित्त एका बड्या असामीच्या घरी मेजवानी झाली. मधोमध बसलाय एब रूएफ. सॅन फ्रान्सिस्कोचा राजकीय दादा, मेयरच्या मागून शहर चालवणारा वकील. त्याच्या मागे उभे आहेत जेम्स गिलेट, गव्हर्नरपदाचे उमेदवार. गिलेट यांचा हात रूएफच्या खांद्यावर आहे. आजूबाजूला रेल्वेची माणसं.

त्या काळी उमेदवार कोण, हे मतदार ठरवत नसत. गावोगावचे प्रतिनिधी अधिवेशनात जमत आणि तिकीट देत. प्रतिनिधी ज्याच्या मुठीत, तिकीट त्याच्या हातात. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रतिनिधी रूएफच्या मुठीत होते. आपले प्रतिनिधी गिलेट यांच्या पारड्यात टाकण्यासाठी हेरिन यांच्याकडून १४ हजार डॉलर मिळाले, असं रूएफने नंतर स्वतःच सांगितलं.

वर्तमानपत्रांनी हा फोटो ‘कॅलिफोर्नियाची लाज’ म्हणून छापला. तरी गिलेट जिंकले. डेमोक्रॅट उमेदवार थिओडोर बेल रेल्वेविरोधी होते, ते आठ हजारांच्या आसपास मतांनी हरले. विल्यम लँगडन हे आणखी एक रेल्वेविरोधी उमेदवार उभे होते आणि त्यांनी या फरकाच्या कितीतरी पट मतं घेतली. म्हणजे त्या वर्षीही रेल्वे नको म्हणणारे मतदार जास्तच होते. ते विखुरलेले होते, आणि सत्ताधारी पक्षाचं तिकीट एका जेवणाच्या टेबलाभोवती ठरलं होतं.

(पडद्यावर: भूकंपानंतरचं सॅन फ्रान्सिस्को. मग न्यायालयाची इमारत.)

त्याच वर्षी, १८ एप्रिल १९०६ ला, सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने हादरलं आणि आगीत जळालं. राख निवते न निवते तोच शहराच्या कारभाराचीही चौकशी सुरू झाली. ट्राम, टेलिफोन, गॅस अशा सेवांच्या कंपन्यांनी रूएफमार्फत नगरसेवकांना पैसे चारले होते. एकामागून एक नगरसेवकांनी कबुली दिली. खटला चालवत होते फ्रान्सिस हेनी, एक बेधडक सरकारी वकील.

१३ नोव्हेंबर १९०८. भर न्यायालयात मॉरिस हास नावाचा माणूस हेनी यांच्याजवळ गेला आणि त्याने त्यांच्या डोक्यावर गोळी झाडली. हासला ज्यूरीत बसायचं होतं. तो पूर्वी शिक्षा भोगलेला आहे हे हेनी यांनी उघड केलं होतं. हेनी वाचले. हास मात्र दुसऱ्या दिवशी कोठडीत मेलेला सापडला.

हेनी यांची जागा घ्यायला पुढे आले हायरम जॉन्सन. महिनाभरात ज्यूरीने रूएफला दोषी ठरवलं आणि त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. लाच देणारे बडे लोक बहुतेक सुटले, हेही सांगायला हवं. पण जॉन्सन हे नाव त्या हिवाळ्यात घराघरांत पोचलं.

जॉन्सन यांच्याच घरात एक दुखरी गोष्ट होती. त्यांचे वडील ग्रोव्ह जॉन्सन सॅक्रामेंटोचे नामांकित वकील, आमदार, काही काळ अमेरिकन काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य. आणि रेल्वेचे पाठीराखे. बापलेकांनी एकाच कचेरीत वकिली केली होती. राजकारणावरून ते तुटले, मुलाने सॅक्रामेंटो सोडून सॅन फ्रान्सिस्को गाठलं. चौकाचौकांत सदर्न पॅसिफिकवर तुटून पडणारा हा माणूस आपल्या वडिलांच्या अख्ख्या राजकीय आयुष्यावर बोलत होता, आणि सॅक्रामेंटोतल्या प्रत्येकाला ते कळत होतं. त्यांच्या भाषणांतली धार मला या अंगाने जास्त समजते.

आता येतो या निवडणुकीचा खरा कणा. माझं ठाम मत आहे की ही निवडणूक नोव्हेंबर १९१० मध्ये जिंकली गेली नाही. ती १९०९ मध्ये, एका रुक्ष वाटणाऱ्या कायद्याने जिंकली गेली.

१९०७ मध्ये फ्रेस्नोचे संपादक चेस्टर रोवेल आणि लॉस एंजेलिसचे पत्रकार एडवर्ड डिक्सन यांनी रिपब्लिकन पक्षातल्याच असंतुष्टांना एकत्र केलं. लिंकन–रूझवेल्ट लीग असं या संघटनेचं नाव. डॉक्टर, वकील, संपादक, लहान व्यापारी अशी मंडळी. पक्ष सोडायचा नाही, पक्ष परत मिळवायचा, हा त्यांचा निश्चय. त्यांनी विधिमंडळावर दबाव आणला आणि प्रायमरीचा कायदा करून घेतला. यापुढे पक्षाचा उमेदवार अधिवेशन ठरवणार नाही. पक्षाचे मतदार मतपेटीतून ठरवतील.

सांताक्रूझचं ते टेबल या कायद्याने एका फटक्यात निकामी झालं. शंभर-दोनशे प्रतिनिधी मुठीत ठेवता येतात. दोन लाख मतदारांना फुकट पास वाटता येत नाहीत.

(पडद्यावर: मतपत्रिका. १६ ऑगस्ट १९१०.)

जॉन्सन स्वतः उभं राहायला तयार नव्हते. वकिली उत्तम चालली होती, पत्नीलाही हे पद नको होतं. लीगच्या लोकांनी मनधरणी करून त्यांना उभं केलं. एकदा होकार दिल्यावर मात्र त्यांनी स्वतःला झोकून दिलं. गाडी चालवायला मुलगा, गावात शिरताना ती घंटा, आणि दिवसातून अनेक सभा. भाषण जवळपास तेच, पण प्रत्येक गावात नवा संताप घेऊन.

पहिली प्रायमरी १६ ऑगस्टला झाली. रिपब्लिकन पक्षात पाच उमेदवार होते. जॉन्सन यांना एक लाखाहून जास्त मतं मिळाली. दुसऱ्या क्रमांकावरच्या चार्ल्स करी यांना त्याच्या निम्म्याच्या थोडी वर. रेल्वेच्या मर्जीतल्यांची मतं आपसात वाटली गेली. यावेळी फाटाफूट त्यांच्या बाजूला झाली होती.

नोव्हेंबरची लढत अवघड होती, कारण समोर पुन्हा थिओडोर बेल होते. नापाचे वकील, माजी काँग्रेस सदस्य. जॉन्सन यांच्या कितीतरी आधीपासून ते रेल्वेशी झगडत होते. आता दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार रेल्वेविरोधी, मग मतदाराने निवडायचं कसं? जॉन्सन यांच्या गोटातून शेवटी शेवटी असा आरोप झाला की रेल्वे आतून बेल यांना मदत करतेय. बेल यांच्या आजवरच्या लढ्याकडे पाहता हे त्यांच्यावर अन्यायाचं होतं असं मला वाटतं. चार वर्षांपूर्वी रेल्वेशी झुंजलेला माणूस आता चुकीच्या बाजूला ढकलला गेला. सुधारणेच्या इतिहासात बेल यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतोय.

जॉन्सन यांची जीभ कुणालाच सोडत नसे. लॉस एंजेलिस टाइम्सचे मालक हॅरिसन ग्रे ओटिस कामगार संघटनांचे आणि सुधारकांचे कट्टर विरोधक. लॉस एंजेलिसच्या एका सभेत जॉन्सन यांनी त्यांच्यावर सडलेलं हृदय, कुजलेला मेंदू अशा शब्दांत आग ओकली. श्रोते टाळ्या वाजवत राहिले. त्याच प्रचारकाळात, १ ऑक्टोबरला, टाइम्सच्या इमारतीत स्फोट झाला. छापखान्यातली आणि कार्यालयातली २१ माणसं मेली. स्फोट घडवणारे कामगार चळवळीतले होते आणि जॉन्सन यांच्या प्रचाराशी त्याचा काही संबंध नव्हता. पण त्या राज्यात राग कोणत्या थराला पोचला होता, ते त्या रात्री सगळ्यांना दिसलं.

८ नोव्हेंबर १९१०. जॉन्सन यांना सुमारे १ लाख ७७ हजार मतं, बेल यांना १ लाख ५५ हजारांच्या आसपास. समाजवादी पक्षाचे जे. स्टिट विल्सन, पूर्वीचे धर्मोपदेशक, यांनी ४८ हजारांच्या जवळपास मतं घेतली. जॉन्सन जिंकले, निम्म्याहून कमी मतं मिळवून. पण तिघांच्या मतांची बेरीज करा. मेजवान्यांत तिकीट वाटणाऱ्यांच्या बाजूने उभा राहणारा एकही दमदार उमेदवार रिंगणात उरला नव्हता.

(पडद्यावर: सॅक्रामेंटो, विधानभवनाच्या पायऱ्या. जानेवारी १९११.)

३ जानेवारी १९११ ला शपथ घेतल्यावर जॉन्सन यांनी सांगितलं, की माझं पहिलं कर्तव्य खाजगी हितसंबंधांना सरकारातून हुसकावणं हे आहे. आणि नव्या लोकाधिकारांबद्दल सावधपणे हेही म्हणाले, की सगळ्या राजकीय रोगांवरचं हे रामबाण औषध नव्हे. पण स्वतःचं रक्षण करण्याचं साधन यामुळे लोकांच्या हाती येईल.

मग कामांचा धडाका लागला. रेल्वे मंडळाला खरे अधिकार मिळाले. १० ऑक्टोबर १९११ ला घटनेतल्या २३ दुरुस्त्या मतदारांपुढे ठेवल्या गेल्या, २२ मंजूर झाल्या. पुरेशा सह्या गोळा केल्या तर नागरिकांना आपला कायदा थेट मतदानाला टाकता येईल. विधिमंडळाने केलेला कायदा रोखून त्यावर सार्वमत घेता येईल. निवडून दिलेल्या माणसाला मुदतीआधी परत बोलावता येईल, आणि यात न्यायाधीशही आले. न्यायाधीशांना परत बोलावण्याची कल्पना तेव्हा इतकी जहाल वाटे, की याच कलमामुळे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्याच वर्षी ॲरिझोनाला राज्याचा दर्जा देणारा ठराव नाकारला होता. कॅलिफोर्नियात २००३ साली गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना पायउतार करून अभिनेता आर्नोल्ड श्वार्झनेगर त्या खुर्चीवर आले, ते याच तरतुदीने.

त्याच दिवशी स्त्रियांना मताधिकार देणारी दुरुस्तीही मंजूर झाली, अवघ्या ३,५८७ मतांनी. सॅन फ्रान्सिस्कोने ती फेटाळली होती, आणि पहिल्या बातम्या पराभवाच्याच होत्या. मग खोऱ्यांतल्या, डोंगरातल्या गावांची मोजणी आली आणि निकाल फिरला. जॉन्सन यांनी या लढ्यात पुढाकार घेतला नव्हता. ते श्रेय गावोगाव फिरलेल्या स्त्रियांचं.

(पडद्यावर: इंपीरिअल खोऱ्यातली शेतं. पागोटं बांधलेले शेतकरी.)

इथे थांबलो तर ही एक छान विजयकथा होईल. पण ज्या जनतेच्या नावाने हे सगळं चाललं होतं, त्या जनतेत कोण मोडत होतं?

१९ मे १९१३ ला जॉन्सन यांनी परकीयांच्या जमीन मालकीविरुद्धच्या कायद्यावर सही केली. परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन वॉशिंग्टनहून सॅक्रामेंटोला येऊन विनवून गेले, तरी केली. कायद्यात जपानचं नाव नव्हतं. ‘नागरिकत्वास अपात्र परकीय’ असे शब्द होते. अशांना शेतजमीन विकत घेता येणार नाही, खंडाने फक्त तीन वर्षं घेता येईल. रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. १९२० मध्ये हा फास आणखी आवळला गेला आणि खंडाची वाटही बंद झाली. ती कशी? सह्या गोळा करून, थेट जनमताने, तीनास एक अशा मताधिक्याने. रेल्वेच्या पंजातून सुटण्यासाठी घडवलेलं हत्यार दुबळ्या शेजाऱ्यावर चाललं. जॉन्सन यांच्या कर्तृत्वाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण ही सही त्यातून वगळून त्यांची गोष्ट सांगता येत नाही.

या कायद्याची झळ हिंदुस्थानी माणसांनाही लागली. कॅलिफोर्नियाच्या शेतांवर तेव्हा हजारो पंजाबी राबत होते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच वर्षांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शेतीशास्त्र शिकत होते आणि या मजुरांना स्वातंत्र्यलढ्यासाठी संघटित करत होते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की हिंदुस्थानी माणूस नागरिकत्वाला पात्र नाही. त्याबरोबर जमिनीचा हक्कही गेला. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही काढून घेण्याचे दावे सुरू झाले. लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही दावा आला. त्यांनी माघार घेतली नाही. आपण याच नागरिकत्वाच्या भरवशावर संसार उभा केला, वकिली केली, असं त्यांनी न्यायालयात मांडलं. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बदलायला नकार दिला.

जॉन्सन तेव्हा सिनेटर होते. १९१७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९४५ पर्यंत, ते सिनेटमध्ये राहिले.

(पडद्यावर: नोव्हेंबर १९५६. मतदान केंद्राबाहेरची रांग.)

१९५६ पर्यंत तो जमीन कायदा कागदावर होता. न्यायालयाने चार वर्षं आधीच तो घटनाबाह्य ठरवला होता, पण मतदारांनी केलेला कायदा पुसायला मतदारच लागत होते. त्या वर्षीच्या ६ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तो रद्द केला. आणि त्याच दिवशी इंपीरिअल आणि रिव्हरसाइड या दोन काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, मतदारसंघातून त्यांनी काँग्रेसवर एक शेतकरी निवडून दिला. त्याचं नाव दलीपसिंग सौंद. पंजाबात जन्मलेला, बर्कलीत गणिताची डॉक्टरेट मिळवलेला, आणि ज्या खोऱ्यात त्याने आयुष्यभर शेती केली, तिथे कित्येक वर्षं स्वतःच्या नावावर एक एकरही घेऊ न शकलेला. प्रतिस्पर्धी होत्या देशभर गाजलेल्या वैमानिक जॅकलिन कॉक्रन. सौंद जिंकले, आणि जानेवारी १९५७ मध्ये वॉशिंग्टनला रुजू झाले. अमेरिकन काँग्रेसमध्ये बसलेले ते पहिले आशियाई वंशाचे निर्वाचित प्रतिनिधी.